मागचा उजवा स्पीकर

मेलेल्या माणसाचा आवाज मागच्या उजव्या स्पीकरमधून येतो. ऐरोलीत, सेक्टर आठमधल्या एका हॉलमध्ये, गेल्या दोन वर्षांत हे शंभरेक माणसांच्या साक्षीनं सिद्ध झालं होतं. डाव्या स्पीकरमधून का येत नाही, याचंही उत्तर नादगुरू सुयशनाथांकडे होतं. पितरांची दिशा दक्षिण, आणि हॉलचा तो कोपरा नेमका दक्षिणेला. डावा स्पीकर सहा महिने बिघडलेला होता, हे त्यांनी उत्तरात धरलं नव्हतं.

रविवारचे अकरा वाजले होते. पडदे ओढलेले, चपला बाहेर, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चाळीस माणसं. समोरच्या पडद्यावर दिनानाथ खानविलकरांच्या साठीशांतीचा नऊ वर्षांपूर्वीचा व्हिडिओ चालू होता. सनई, फेटे, पंगतीची गडबड. स्वतः दिनानाथ पहिल्या रांगेत बसले होते आणि शेजारी त्यांची मुलगी गीतांजली.

"अहो," मागून आवाज आला. "जाऊ नका. मी इथंच आहे."

गीतांजलीच्या मानेवर काटा आला. आवाज आईचा होता. 'अहो'मधला तो किंचित लांबवलेला 'हो' दुसऱ्या कुणाला जमला नसता. आईला जाऊन चौदा महिने झाले होते.

मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. दिनानाथांनी वळून पाहिलं नाही. नुसते हात जोडले.

"मिळालं उत्तर?" सुयशनाथांनी हळूच विचारलं. चाळिशीचा माणूस, कडक इस्त्रीचा कुर्ता, आणि गळ्यात रुद्राक्षांच्या जागी हेडफोन.

"मिळालं."

दिनानाथांनी चिठ्ठीवर लिहून दिलेला प्रश्न असा होता: ऑपरेशनला जाऊ का?

खरं तर ते इथं आले होते एक प्लेअर घ्यायला. त्यांच्याकडे तेवीस वर्षांचा जुना ॲम्प्लिफायर होता, मुलासारखा जपलेला. त्याला एचडीएमआयचं, म्हणजे सगळे आवाज एकाच वायरीतून घेणारं, भोक नव्हतं. पाठीमागे सहा गोल खाचा होत्या, प्रत्येक स्पीकरसाठी वेगळी वायर. हाय डेफिनिशन डिस्क वाचून आतल्या आत आवाज वेगळे करणारा आणि सहा वायरींतून बाहेर देणारा प्लेअर हवा होता. असे प्लेअर आता फारसे मिळत नाहीत. दुकानदारानं सांगितलं, सेक्टर आठला एक महाराज आहेत, ते निवडून देतात.

महाराजांनी निवडून दिला. सोबत ज्ञानही दिलं.

"काका, एका वायरीत सहा आवाज म्हणजे वन बीएचकेत सहा जण. गुदमरतात. सहा वायरी म्हणजे ज्याला त्याला आपली खोली. आणि डिजिटल म्हणजे काय? शून्य आणि एक. आत्मा शून्य आहे का? नाही. एक आहे का? एक तर परमात्मा. मग आत्मा डिजिटलमध्ये राहणार कुठं?"

दिनानाथ जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांना हे पटायला नको होतं. पण त्यांच्या पत्नी सुनीतीबाई एका किरकोळ ऑपरेशनला म्हणून स्वतःच्या पायांनी हॉस्पिटलात गेल्या होत्या आणि परत आल्या नव्हत्या. आता दिनानाथांच्याच हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या होत्या, आणि डॉक्टरांनी बायपासची तारीख दिली होती.

पद्धत ठरलेली होती. गेलेल्या माणसाचा घरच्या कार्याचा व्हिडिओ आणून द्यायचा, सोबत प्रश्नाची चिठ्ठी. नऊ दिवसांनी त्याची हाय डेफिनिशन डिस्क लाल फडक्यात बांधून मिळायची. ती फक्त महाराजांनी निवडलेल्या प्लेअरवर, फक्त सहा वायरींनी लावायची. मध्ये थांबवायची नाही, मागे न्यायची नाही. त्यासाठी रिमोट महाराज स्वतःकडे ठेवून घेत.

"आत्म्याला मागे ओढू नये," ते म्हणत.

हॉलच्या भिंतीवर चार फोटो होते. वर पाटी: 'मिलन झाले'. चौथा फोटो गोटीराम जाधवांचा. एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं त्यांनी पाठीवर गोणी वाहिल्या, मग किडन्या गेल्या. त्यांनी चिठ्ठीत विचारलं, डायलिसिसला जाऊ का? बायको राजाबाई मागच्या उजव्या स्पीकरमधून म्हणाली, जाऊ नका. गोटीराम गेले नाहीत. सतराव्या दिवशी वारले. पुढच्या रविवारी सुयशनाथांनी हार घालून सांगितलं, "राजाबाईंनी बोलावून घेतलं."

घरी येताना दिनानाथ त्या फोटोबद्दल म्हणाले, "भाग्यवान माणूस."

गीतांजलीला आईच्या आवाजानं जेवढा काटा आला नव्हता, तेवढा या दोन शब्दांनी आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉस्पिटलला फोन करून तारीख रद्द केली. डॉक्टरांनी गीतांजलीला फोन केला. "आठ दिवसांनी, सोमवारी एक जागा आहे. त्यानंतरचं मी काही सांगू शकत नाही."

"बाबा, सोमवार म्हणतायत."

"तुझी आई काय म्हणाली ते तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग मला कशाला विचारतेस? परत विचारायचं तर तिला विचार."

गीतांजली आयटी पार्कमध्ये टेस्टर होती. सॉफ्टवेअर कुठं चुकतं ते शोधायची. वीस वर्षांत तिला एक सवय लागली होती. एकदा घडलेली गोष्ट ती लिहून घ्यायची नाही. आधी तीच गोष्ट पुन्हा घडवून पाहायची. वडिलांचं वाक्य तिनं शब्दशः घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "रविवारी परत विचारू. सगळ्यांसमोर."

रविवारी हॉल भरला होता. दाराजवळ गोटीरामांचा मुलगा शिवतेज उभा होता. वडिलांच्या फोटोला हार घालायला तो दर रविवारी यायचा. दिनानाथांच्या आग्रहावरून तीच डिस्क पुन्हा सुरू झाली. सनई, फेटे, पंगत.

"अहो. जाऊ नका. मी इथंच आहे."

गीतांजलीनं मांडीवरचा फोन उचलला. त्या फोनमध्ये रिमोट होता, घरी टीव्ही-एसीला वापरायची तोच. तिनं बटण दाबलं. चित्र मागे सरकलं.

"अहो. जाऊ नका. मी इथंच आहे."

पुन्हा दाबलं.

"अहो. जाऊ न—"

पॉजचं बटण दाबल्यावर आत्मा थांबला.

"ताई, हे काय चालवलंय?" सुयशनाथ म्हणाले. "छळताय तुम्ही त्यांना. याचे परिणाम घरात दिसतील. बघा, आजच्या आज दिसतील."

"दिसू देत," गीतांजली उठली. ती हॉलच्या ॲम्प्लिफायरच्या मागे गेली, तिनं एक वायर उपटली आणि डिस्क मागे नेऊन पुन्हा चालू केली. "बाबा, आता ऐका."

सनई वाजली, पंगत उठली, कुणीतरी मठ्ठा मागितला. आई बोलली नाही. गीतांजलीनं वायर पुन्हा खोचली, डिस्क मागे नेली. आई बोलली.

"मागच्या उजव्या स्पीकरची वायर आहे ही. या सहा वायरींत प्रत्येकीचा आवाज वेगळा भरता येतो. पाचांत आपला व्हिडिओ. सहावीत फक्त आई, कापून चिकटवलेली. घरच्या टीव्हीवर लावली असती तरी बोलली असती, पण मग ती टीव्हीतून बोलली असती, मागून नाही. म्हणून टीव्हीवर लावायची नाही."

"कापून?" दिनानाथ पहिल्यांदाच बोलले. "पण आवाज तिचा आहे गं."

"तिचाच आहे." तिनं फोनवर मूळ व्हिडिओ लावला. मावसभावानं ठेवलेली प्रत होती, आठवडाभर तिनं ती कान लावून ऐकली होती. एके ठिकाणी सुनीतीबाई नवऱ्याला हाक मारत होत्या: "अहो." वीस मिनिटांनंतर, कार्याच्या हॉलच्या दाराशी, हातात पाण्याचा जग घेऊन त्या सांगत होत्या: "जेवल्याशिवाय जाऊ नका. मी इथंच आहे, बसवते तुम्हाला पुढच्या पंगतीला."

"कुणाला म्हणाली ती हे?" दिनानाथांनी विचारलं.

"व्हिडिओवाल्याला."

कुणी हसलं नाही. शिवतेज पुढे आला.

"ताई, आमच्या आईनं पण हेच सांगितलं. जाऊ नका. माझ्या लग्नाचा व्हिडिओ दिलेला आबांनी."

"आणखी कुणाला 'जाऊ नका' सांगितलंय?" गीतांजलीनं विचारलं.

एक हात वर झाला. मग तीन. मग बरेच. एका बाईंना मुलाकडे पुण्याला जायचं होतं, एकाला बदलीच्या गावी, एकाला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. सगळ्यांच्या पितरांनी एकच सल्ला दिला होता.

"आपल्या घरच्या कार्यात 'जा' कोण म्हणतं?" ती म्हणाली. "पाहुणा निघाला तरी तो 'येतो' म्हणतो, आणि आपण 'या' म्हणतो. 'जा' तोंडातून काढत नाही, अशुभ वाटतं. यांनी मागितला कार्याचा व्हिडिओ. त्यात यांना सापडणार काय? 'या', 'बसा', 'जाऊ नका'. कुणी काहीही विचारा, यांच्याकडे 'जा' हे उत्तरच नव्हतं."

सुयशनाथांनी हेडफोन गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. "मी कुणाला काही सांगितलं नाही," ते शांतपणे म्हणाले. "शब्द त्यांच्याच माणसांचे होते. अर्थ ज्यानं त्यानं लावला."

"माझा बा मेला, महाराज," शिवतेज म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही. "एक सांगा. हे एवढे शब्द जोडायला किती वेळ लागतो?"

"वीसेक मिनिटं."

"मग नऊ दिवस कशाला?"

"हातात बाकीचीही कामं असतात."

सुयशनाथ पूर्वी लग्नाचे व्हिडिओ एडिट करत, हे पुढे पोलिसांना त्यांनी स्वतःच सांगितलं. शिवतेजनं वडिलांचा फोटो खिळ्यावरून उतरवला, हार तिथंच ठेवला आणि तो थेट चौकीत गेला. भिंतीवरचे बाकीचे तीन फोटो अजून कुणी न्यायला आलेलं नाही.

दिनानाथ खुर्चीतून उठायला वेळ घेत होते. गीतांजलीनं हात पुढे केला.

"तिचा आवाज ऐकायला मिळाला होता गं," ते म्हणाले.

"आपल्याकडे आहे तो, बाबा. अख्खा आहे. वाक्यासकट."

दिनानाथांनी तिचा हात धरला. "उद्या किती वाजता ॲडमिट व्हायचंय?"

"आठ."

सोमवारी ते दाखल झाले, मंगळवारी ऑपरेशन झालं, दहाव्या दिवशी घरी आले. प्लेअर त्यांनी परत केला नाही. प्लेअर चांगलाच आहे, सहा वायरींतून आवाज स्वच्छ येतो, आणि यंत्राचा यात काही दोष नव्हता. दोष होता तो प्रश्न विचारण्याच्या जागेत. हृदयाचं हृदयाच्या डॉक्टरला विचारावं, किडनीचं किडनीच्या. आणि पाठीमागून कुणी बोललंच, तर हात जोडण्याआधी वळून पाहावं, वायर कुठून येते ते शोधावं, आणि तेच पुन्हा बोलायला लावावं. खऱ्याला पुन्हा तपासलं म्हणून काही बिघडत नाही.

ती डिस्क आता पोलिसांकडे आहे. पंचनाम्यात तिची लांबी एक तास बारा मिनिटं लिहिली आहे. त्यात आत्मा चार सेकंद आहे. उरलेला वेळ पाहुणे जेवतात.