मुठीतला देव

बारा वर्षं मी माझ्या भावाच्या एकाही बास्केटला टाळी वाजवली नाही. लोकांना वाटायचं, शाळेतली बाई आहे, तोंड वाकडं करून बसायची सवय असेल. तसं नव्हतं. माझ्या डाव्या मुठीत त्याचा देव असायचा.

देव म्हणजे इष्टलिंग. आमच्याकडे ते लहानपणीच गळ्यात बांधतात, चांदीच्या डबीत, आणि अंगावरून उतरवायचं नसतं. आता सगळेच लिंगायत इतकं कडक पाळत नाहीत, पण आमची अव्वा, म्हणजे आई, पाळायची आणि वडील गेल्यावर तर जास्तच. तिचं नाव गौरम्मा. सोलापुरात सात रस्त्यावर आमचं दोरखंडांचं दुकान ती एकटी चालवायची, आणि तिच्याशी घासाघीस करायला येणारा माणूस घाम पुसत परत जायचा. आम्हा दोन पोरांची काय कथा!

सिद्धाराम माझा धाकटा भाऊ. चौदाव्या वर्षीच तो दाराच्या चौकटीला डोकं आपटायला लागला, तेव्हा शाळेतल्या सरांनी त्याला बास्केटबॉलमध्ये ओढला. एका सामन्यात त्यानं उडी मारली आणि गळ्यातली डबी उसळून समोरच्या पोराच्या भुवईवर बसली. भळाभळा रक्त. तो पोरगा म्हणजे मौलाली. पंचांनी शिट्टी फुंकली आणि सांगितलं, गळ्यातलं काढ, नाहीतर बाहेर बस. सिद्धाराम बाहेर बसला आणि घरी येऊन दोन दिवस जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी अव्वा नमली.

"बरं. पन देव खाली ठिवायचा न्हाय, खिशात घालायचा न्हाय, खुंटीला तर न्हायच न्हाय. आपल्या घरच्या मानसाच्या हातात द्यायचा, आन् खेळ झाला की लगीच गळ्यात."

घरची माणसं तीन. अव्वा दुकान सोडून मैदानावर येणार नव्हती. राहिले मी.

तेव्हापासून संघाच्या बाकाच्या डाव्या टोकाला माझी जागा ठरली. सिद्धाराम आत जाताना डावीकडे वळायचा, न बघताच हात पुढे करायचा, आणि मी ओंजळ धरायची. मग मूठ बंद. त्या हातानं मी कधी शेंग सोलली नाही, पदर सावरला नाही, माशी हाकलली नाही. चाळीस मिनिटं खेळाची आणि मधली विश्रांती धरून दीड तास बोटं आखडून जायची, पण मूठ सुटली नाही. पुण्याला, कोल्हापूरला, जिथे जिथे सामने तिथे मी शाळेतून रजा काढून जायची. मुख्याध्यापक कंटाळून म्हणायचे, "दाक्षायणीबाई, संघात तुम्ही आहात की तुमचा भाऊ?" मी म्हणायची, दोघं.

आणि मला ते खरंच वाटायचं. हीच तर गंमत आहे, म्हणजे गंमत कसली!

ज्याची भुवई फुटली तो मौलाली पुढे सिद्धारामचा जिवलग झाला. दोघं एकाच संघात खेळायला लागले. मौलाली लॉऱ्या दुरुस्त करायचा आणि मला अक्काच म्हणायचा. एकदा टेंभुर्णीच्या सामन्यात मला सणकून ताप होता, आणि त्याचा पाय मुरगळला होता म्हणून तो शेजारीच बसला होता. म्हणाला, "अक्का, तुमी जरा आडव्या व्हा. द्या की माझ्याकडं. हात धुऊन आलोय." मी फटकन म्हटलं, "तुझ्या हातात? शहाणाच आहेस." मी तापात तशीच बसून राहिले आणि मनातून स्वतःवर खूशही झाले.

माझी एक वही होती. तिच्यात मी भारताच्या संघाच्या बातम्या चिकटवायची. बातम्या म्हणजे हॉकीच्या खाली, बाजारभावाच्या वर, दोन ओळी. पासष्ट सालापासून आपला संघ आशियाई स्पर्धेत जायला लागला, तेव्हापासूनची एकूण एक ओळ माझ्याकडे होती. कधी सातवा, कधी सहावा, कधी पाचवा. जपानशी हरला, कोरियाशी हरला, फिलिपाइन्सशी तर हरायचाच. सोलापुरात कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मी मात्र प्रत्येक हारीखाली तारीख घालून ठेवायची, कारण पुढे कधीतरी त्या दोन ओळींत सिद्धारामचं नाव यायचं होतं.

आणि पंचाहत्तर साली ते आलं. पतियाळ्याच्या शिबिरातून बारा जण निवडले, बाराव्या नंबरावर आमचा सिद्धाराम. नोव्हेंबरात बँकॉकला स्पर्धा. मी ती बातमी तीन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांतून कापली.

निघण्याआधी चार दिवसांची सुट्टी घेऊन तो घरी आला. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, शिबिरात मी देव फडक्यानं छातीला घट्ट बांधून सराव केला. मॅचमध्ये ते चालणार न्हाय. तितं कुनाकडं देऊ? तू अव्वाला विचार. मी विचारलं तर ती जाऊच नको म्हणंल."

मी विचारलं. अव्वा दुकानात सुंभाची गुंडाळी करत होती. हात न थांबवता तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चांगल्या मानसाच्या हातात दे म्हनावं. हात धुतलेला असला म्हंजे झालं. देवाला काय आपलं-परकं कळतं व्हय? मलाच हे आदी कळाया पायजे हुतं. तुला बी कवाच मोकळी केली असती."

मोकळी! म्हणजे दुधनीच्या त्या बिजवर भुसार व्यापाऱ्याकडचे लोक मला बघायला दोनदा येऊन गेले होते, आणि दोन्ही वेळा मी सामना आहे म्हणून घरी थांबले नव्हते, त्याबद्दल ती बोलत होती. पण मला टोचलं ते वेगळंच. हात धुतलेला असला म्हणजे झालं? मग मी बारा वर्षं काय केलं? नळावर जाऊन कुणीही जे करू शकलं असतं, ते मी तीस वर्षांची होईपर्यंत करत बसले होते?

निरोप त्याच दिवशी सांगता आला असता. मी दुसऱ्या दिवशीवर टाकला. मग तिसऱ्या. घरी माणसांची रीघ लागली होती, हे खरं, पण एवढंसं वाक्य सांगायला माणसं आड येत नाहीत.

स्टेशनवर हार, बँड, मिलची माणसं, शाळेची पोरं. गाडीच्या दारात उभा राहून सिद्धारामनं खाली वाकून विचारलं, "अव्वा काय म्हणाली गं?"

मी म्हटलं, "काही म्हणाली नाही."

शिट्टी झाली. तो म्हणाला, "बरं. बघतो मी." आणि गाडी हलली. मी गाडीबरोबर चार पावलं चाललेसुद्धा. ओरडून सांगता आलं असतं. माझ्या मनात त्या क्षणी काय होतं ते मी लपवत नाही. त्याचं माझ्याशिवाय अडावं, एवढंच मला हवं होतं. फार नाही, एकदाच.

स्पर्धा संपली. भारत चौथा आला. चौथा! फिलिपाइन्सच्या वर! त्याच वर्षी हॉकीत आपण जग जिंकलं होतं, तेव्हा चौथ्या नंबराचं कौतुक कुणाला असणार, पण सात रस्त्यावर मौलालीनं पेढे वाटले. मी वहीत ठळक अक्षरांत लिहिलं, चौथा. बातम्यांमध्ये कुणी किती गुण केले त्यात सिद्धारामचं नाव कुठे दिसलं नाही. मी म्हटलं, दोन ओळींत किती नावं बसणार!

तो परत आला तेव्हा पुन्हा हार झाले, बँड झाला. हसत होता, पण हार घातलेल्या बोकडासारखा इकडून तिकडे नेला जात होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आणि मी दुकानामागच्या खोलीत एकटेच होतो. मी वही उघडून विचारलं, "तुझे गुण सांग, लिहून ठेवते."

"लिहू नको," तो म्हणाला. "मी खेळलोच न्हाय."

"एकदाही नाही?"

"एकदा बोलावलं की." तो सुंभाचा एक तुकडा बोटाला गुंडाळत होता. "शेवटची पाच-सहा मिनिटं हुती. आमच्या एकाचे पाच फाउल झाले, म्हंजे तो बाद. कोचनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी उठलो, देव गळ्यातनं काढला, आन् डावीकडं वळून हात पुढं केला. सवयच ती. तितं टॉवेलाचं टेबल हुतं."

मी पेनाला टोपण लावलं.

"मग देव हातात धरून तसाच हुबा राह्यलो. टेबलावर कसा ठिवू? शेजारच्या पोराला द्यावा, तर अव्वाला शब्द दिलेला. कोच ओरडले, क्या हुआ? मी म्हटलं, एक मिनिट. तितं एक मिनिट कोन देतंय? दुसऱ्याला आत ढकलला त्यांनी. शेवटी शेजारच्या पोराच्या हातात ठिवनारच हुतो मी अक्का, पन तवर खेळ सुरू झालता. पुन्हा बोलावलं न्हाय." मग तो जरासा हसला. "तू असतीस तर खेळलो असतो."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी वही मिटली आणि चहा टाकते म्हणून उठले.

संध्याकाळी जेवायला बसलो. अव्वानं त्याच्या ताटात भाकरी वाढली, वर शेंगाचटणी घातली, आणि मोठ्या समाधानानं समोर बसली.

"मग? मी निरोप धाडला हुता की. चांगल्या मानसाच्या हातात दे म्हनून. कुनाच्या हातात दिलास?"

सिद्धारामचा घास हातातच राहिला. त्यानं अव्वाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे बघत होते, तरी मला ते कळलं. कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. एवढा वेळ लागला की अव्वानं पुन्हा विचारलं, "दाक्षीनं सांगितलं न्हाय व्हय तुला?"

"सांगितलं की," तो म्हणाला. "मद्रासकडच्या एका पोराच्या हातात दिला."

"हात धुतलं हुतं त्यानं?"

"व्हय अव्वा. दोनदा."

"लई खेळलास?"

"खेळलो की," तो म्हणाला आणि घास तोंडात घातला.

त्या रविवारी मैदानावर सामना होता, बँकॉकहून आलेल्या खेळाडूला बघायला ही गर्दी. मी नेहमीसारखी बाकाच्या डाव्या टोकाला जाऊन बसले. बसले म्हणजे काय, पाय आपोआप तिकडे गेले. मौलालीचा गुडघा आता धरायला लागला होता, तो बाकावरच होता. सिद्धाराम कपडे बदलून आला, माझ्यासमोरून पुढे गेला आणि मौलालीसमोर उभा राहिला.

"मौला, हात धू."

"धुतलेत की."

"ग्रीस हाय अजून. साबण लाव."

मौलाली लंगडत नळावर गेला आणि कोपरापर्यंत हात घासून आला. येताना त्यानं माझ्याकडे बघितलं, टेंभुर्णीची आठवण त्यालाही झाली असावी. मग त्यानं दोन्ही हातांची ओंजळ केली, आणि सिद्धारामनं गळ्यातून देव काढून तिच्यात ठेवला. ज्या डबीनं त्याची भुवई फुटली होती तीच डबी. मौलालीनं ती इतकी जपून धरली, की जणू त्याला श्वास घ्यायचीही भीती वाटत होती.

सिद्धाराम माझ्याकडे वळला. "अक्का," तो म्हणाला, "आज तू टाळ्या वाजव."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडण मला येतं.

त्याची पहिली बास्केट पडली आणि मैदान उठून उभं राहिलं. मीही टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदा वाजवत होते, म्हणून जोरात वाजवल्या, हात लाल होईपर्यंत. शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. कधी नव्हे ती बाई आज खुशीत आहे, असं त्यांना वाटलं असेल.

सामना संपल्याची शिट्टी झाली. सिद्धाराम घामानं निथळत बाहेर आला, सरळ डावीकडे वळला आणि न बघताच माझ्यापुढे हात केला. मी सवयीनं मिटलेली डावी मूठ उघडली. तिच्यात काही नव्हतं. तो त्या तळहाताकडे बघत राहिला, आणि मी त्याच्याकडे.

"अव्वानं सांगितलं होतं रे," मी म्हटलं. "मीच तुला बोलले नाही."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. हात मागे घेतला आणि मौलालीकडे गेला.