तीट लावलेला बिल्ला

मी एक जुना कापडी बिल्ला आहे, मित्रांनो. तळहातावर मावेन एवढाच, पण माझ्यावर आभाळ आहे. अंबरनाथच्या एका कारखान्याने सत्याऐंशी साली अग्निबाणातले इंधन सोडणारी-अडवणारी झडप बनवली, त्या मोहिमेची मी खूण. लाल बाण म्हणजे अग्निबाण. खालची निळी लाट म्हणजे आपली उल्हास नदी. आणि सात चंदेरी तारे म्हणजे झडप घडवणारे सात जण. अंतराळवीरांच्या बिल्ल्यांवर कधीकधी माणसागणिक एक तारा असतो, असे कारखान्याच्या श्यामकांत साहेबांनी कुठल्याशा मासिकात वाचले होते. नक्षी त्यांचीच.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये भरतकाम करणाऱ्या कुंदाने आम्हा सगळ्या बिल्ल्यांना मशीनवर भरले. न्यायला आली कारखान्यातली, खरवई गावची वेणूबाई. प्रत्येक झडप पेटीत जाण्याआधी तीच धुवायची. धातूचा एक कण आत राहिला, तर सगळे मुसळ केरात.

तिने तारे मोजले. पुन्हा मोजले. “यात मी कुठं हाय गं?”

कुंदाने साहेबांचा कागद पाहिला. सातच नावे होती. “वेणूताई, तारा वाढवला तर सगळा माल परत येईल.” मग तिने एकट्या मला उचलले, सुईत काळा दोरा ओवला आणि लाटेजवळ बारीक टिपका भरला. “एवढं देखणं काम, तीट नको? नजर अडवते ती तीटच.”

 पदराने डोळे पुसून वेणूबाईने मला कमरेच्या पिशवीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खाकी कोटावर होतो. साहेबांना वाटले, दोरा निसटलाय. ते कात्री घेऊन वाकले. माझा जीव टांगणीला लागला.

“ते नका कापू, साहेब. ती मी हाय.”

कात्री थांबली. साहेबांनी तिच्या पाण्याने भेगाळलेल्या हातांकडे पाहिले. “राहू दे,” एवढेच म्हणाले. चूक कळली होती, पण कबूल करवत नव्हती.

अग्निबाण उडाला. पेपरात सात जणांचा फोटो आला. वेणूबाईने तो कापून मला त्यात गुंडाळले.

सहा वर्षांनी दुसरी मोहीम निघाली. नवा बिल्ला घेऊन साहेब स्वतः खरवईला आले. त्यावर आठ तारे होते. वेणूबाई महिन्यापूर्वीच गेली होती. तिच्या मुलीने, गोदूने, तो बिल्ला हातात घेऊन तारे मोजले आणि आईच्या फोटोखाली माझ्याशेजारी ठेवला. साहेब उंबऱ्यातच बसले. “मला उशीर झाला गं, पोरी,” म्हणाले.

मित्रांनो, मला जपा असे मी सांगणार नाही. कापड आहे, विरणारच. पण कुणाचा तारा भरायचा राहिला असेल, तर आजच भरा. काळ्या टिपक्यावर तिने सहा वर्षे काढली.