दाखल्यावरची सही

प्रभावती पोराला घेऊन भिलाईला चालली, हे मला कुणाकडून कळावं? कंपनीच्या कँटीनमधल्या सोजराबाईकडून! "खंडूभाऊ, तुमची नर्सबाई परवाच्या गाडीनं चालली की. आज शाळेत दाखला काढायला गेलीय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुपरवायझरला न विचारता गेटबाहेर पडलो आणि सायकल कासारवाडीच्या शाळेकडं हाणली. शाळेच्या फाटकात चेन उतरली, तशी तिथंच टाकून आत पळालो.

पोरगा माझा. भीमराज, सात वर्षांचा. लग्न मात्र झालं नाही. ती बौद्ध, आम्ही मराठे. आई म्हणाली, "ती उंबऱ्यात आली तर मी हिरीत उडी टाकीन." आणि मी कंपनीत वाघ, घरी शेळी. आज करू, उद्या करू म्हणत आठ वर्षं काढली. रोज संध्याकाळी तिच्या खोलीवर जायचं, पोराचा अभ्यास घ्यायचा, जेवायचं आणि झोपायला आईकडं परत. पोरगा मला काका म्हणायचा. मीच शिकवलं होतं तसं.

व्हरांड्यातल्या बाकावर प्रभावती बसली होती. शेजारी भीमराज, नव्या बुटांत.

"मला विचारलंस तरी का?" मी ओरडलोच.

"तुम्ही आठ वर्षांत मला काय विचारलंत?" ती म्हणाली. "तिथल्या दवाखान्यात नोकरी आहे, राहायला क्वार्टर आहे."

"दाखलाच मिळू देत नाही. बाप आहे मी त्याचा!"

"मग आत जाऊन सांगा ना. मोठ्यानं सांगा."

"काका, तुम्ही पण येणार भिलाईला?" भीमराजनं विचारलं. मी तडक हेडमास्तरांच्या खोलीत घुसलो.

आत प्रभावतीचा भाऊ कोंडीराम मान खाली घालून उभा होता. अंगठ्याला शाई. नवे हेडमास्तर त्याच्यावर खेकसत होते. "रजिस्टरात बापाची झोकदार सही आहे, आणि तुम्ही अंगठा देता? राज्याबाहेर जायचा दाखला हा! वरच्या ऑफिसचा शिक्का लागतो. असल्या घोळावर तिथं कोण शिक्का मारणार?"

ती सही माझी. दोन वर्षांपूर्वी पोराला शाळेत घालायला मीच आलो होतो. नेमका दारात आमच्या भावकीतला ज्योतीराम उभा. माझं नाव त्याच्या कानावर पडलं असतं, तर संध्याकाळपर्यंत आईला कळलं असतं. क्लार्कनं बापाचं नाव विचारलं आणि मी हळूच म्हणालो, "कोंडीराम." सहीही तीच ठोकली. आज बाप म्हणून त्यालाच यावं लागलं; त्याला लिहिता येत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता मला काही करायचीच गरज नव्हती. गप्प बसलो की दाखला अडला, पोरगा इथंच राहिला. खोटं कशाला बोलू, मनातून खूश झालो.

हेडमास्तरांनी प्रभावतीला आत बोलावलं. मागोमाग भीमराज आला. "बाई, खरं काय ते सांगा. या पोराला बाप आहे की नाही?" क्लार्क हातातलं काम सोडून बघायला लागला. प्रभावतीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. भीमराज बुटांकडं बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. हा इथं राहिला तर दर वर्षी कुणीतरी हेच विचारणार, आणि मी असाच खांबासारखा उभा राहणार. मला माझीच लाज वाटली.

"आहे," मी म्हणालो. "मी याचा बाप." आवाज फाटला माझा. "ती सही माझी आहे. मीच कोंडीराम. हा माझा मेव्हणा. घाईत त्यानं अंगठा दिला."

कोंडीराम आ वासून बघत राहिला. हेडमास्तरांनी अर्ज पुढं सरकवला. मी सही केली. त्यांनी ती रजिस्टरातल्या सहीशी ताडून पाहिली. जुळली.

दाखला घेऊन आम्ही फाटकापाशी आलो. भीमराजनं माझा हात धरला.

"काका, तुम्ही सरांशी खोटं बोललात?"

"नाव तेवढं खोटं सांगितलं, बाळा. बाकीचं खरं."

त्यानं माझा हात सोडला नाही. "मग तुम्ही का नाही येत आमच्याबरोबर?"

प्रभावती पुढं निघाली होती, ती थांबली. मागं वळून माझ्याकडं बघत राहिली.

मी खाली बसलो आणि सायकलची चेन चढवायला लागलो.