बर्फावरची तांबडी शेपटी

मित्रांनो, मी एक जुनी तांबडी शेपटी आहे. हसू नका! मी मांजराचीही नव्हे आणि कुत्र्याचीही नव्हे, मी कापडाची. किनुएबाईंनी त्यांच्या आईच्या किमोनोचं लाल अस्तर फाडून मला आणि माझ्या नऊ बहिणींना कापलं, त्याला तीस हिवाळे झाले.

बाई आमच्या डोंगरातल्या पोरांना स्की शिकवतात, पण 'शिका' असं कधी म्हणत नाहीत. प्रत्येकाच्या कमरेला एकेक शेपटी खोचतात आणि हुकूम सोडतात, "पळवा!" की पोरं एकमेकांच्या शेपट्यांमागे घसरत सुटतात. ज्याची शेवटपर्यंत टिकली, तो जिंकला. वारा भरला की मी आडवी होऊन तरंगायचे. खाली पांढरं, वर पांढरं, मधे मी तांबडी. आपण उडतोय की झोपलोय, तेच कळायचं नाही.

मग गावात पोरंच उरली नाहीत. कितीतरी वर्षं मी पेटीत घडी होऊन पडले होते. फार वाईट वाटायचं हो.

गेल्या हिवाळ्यात काही कुटुंबं पोराबाळांसह गावात राहायला आली, पेटी उघडली आणि मी फुकीच्या वाट्याला आले. सहा वर्षांची फुकी समुद्रकाठच्या गावातून नुकतीच आलेली. पहिल्याच दिवशी आपटली आणि कुंपणाला जी चिकटली, ती हलेचना. सगळ्यांच्या शेपट्या गेल्या, हिची तेवढी राहिली. नियम तो नियम! बाईंनी जिंकल्याचं संत्रं तिलाच दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

"बसल्या जागी संत्रं! मजा आहे बुवा एकेकाची," दाइगो म्हणाला.

"शेपूट घालून उभी राहते, मग ओढणार कोण?" मिओने टोमणा मारला.

फुकीने संत्रं सोललंच नाही. "बाई, माझ्यामागे कुणी लागतच नाही," म्हणून हुंदके देऊ लागली. रविवारी सगळी पोरं मोठ्या उतारावर जाणार होती. ज्याला एकट्याने खाली येता येईल, त्यालाच नेणार होते.

शनिवारी बाईंनी मला फुकीच्या कमरेतून उपसलं आणि स्वतःच्या कमरेला लावलं. गडबडीत खोचायच्या ऐवजी गाठच मारली.

"बाई, ती माझी आहे!"

"मग ये की घ्यायला!" म्हणत बाई निघाल्यासुद्धा.

मी मागे पाहिलं. फुकीच्या हातून कुंपण सुटलं होतं. रडत, ओरडत, पाय फाकवून ती येत होती. धपकन पडली. उठली. मी मुद्दाम लांब फडफडले, खोटं कशाला सांगू? देवदार हळूहळू मागे सरकत होते, बर्फ भुरभुरत होता. तिची बोटं माझ्यापर्यंत पोचली आणि मी टर्रकन फाटले.

पायथ्याशी फुकी माझा तुकडा घेऊन भोकाड पसरून बसली. "फाटली हो बाई, मी फाडली!"

"शेपटीचं राहू दे गं. वर बघ, कुठून आलीस ते."

फुकीने वर पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिली.

मित्रांनो, 'आम्हाला जपा' असं सगळ्या जुन्या वस्तू सांगतात. मी नाही सांगणार. मला पेटीत ठेवू नका आणि कृपा करून शिवूही नका. आखूड शेपटी हाताला लागत नाही. रविवारी मोठ्या उतारावर दाइगो आमच्यामागे पार पायथ्यापर्यंत ओरडत आला, "थांब गं फुके, थांब!"