पोटफोड्या ष

"हे मी टाइप केलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद माझ्या टेबलावर आपटला. जणू तो गुन्हा माझ्याच रजिस्टरात आवक झाला होता.

कागदावर होतं : ‘विशय : पाणी षुद्धीकरण केंद्राची वार्शिक तपासणी.’

मी हादरलोच. चोवीस वर्षं मी आवक-जावक सांभाळतो. बाईंच्या हातची हजारो पत्रं माझ्यासमोरून बाहेर गेली, त्यांत वेलांटीसुद्धा कधी इकडची तिकडे झालेली पाहिली नाही. साहेब लोक मसुद्यात चुका करत, बाई त्या टाइप करता करता दुरुस्त करत आणि वर साहेबांनाच ऐकवत, "शाळेत ष शिकवला नव्हता का?" आणि आज ह्याच बाईंच्या पत्रात शेंडीफोड्या श आणि पोटफोड्या ष एकमेकांच्या जागी जाऊन बसले होते. एका पानात अकरा वेळा. मी मोजले. मोजायची खोड आहे मला.

"हे त्या फुकट्या सिस्टिमचं काम," बाईंनी निकाल दिला.

सोमवारी ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर नवी प्रणाली बसवली होती. तिला मालक नाही म्हणे. कुणीही घ्यावी, उघडून बघावी, हवा तो बदल करावा. ती बसवायला मुख्य कार्यालयातून एक इंजिनीअर मुलगी आली होती. साहेब मात्र बिचकले होते. "बाई, तुम्ही सगळ्यांत जुन्या. फायदे-तोटे लिहून द्या. तुम्ही नको म्हणालात, तर शुक्रवारी काढून टाकू."

बाईंनी दोन रकाने आखले होते. फायद्यांत त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं : म्हातारे कॉम्प्युटर पळू लागले, व्हायरसची कटकट गेली, पत्र अर्ध्यावर असताना मशीन ‘अपडेट’ म्हणत डोळे मिटत नाही. तोट्यांत : प्रिंटर ओळख दाखवत नाही, जुन्या फायली उघडल्या की अक्षरांचा भुगा होतो, तक्रार करायला कंपनीच नाही, भांडायचं कुणाशी? आता त्याखाली त्यांनी ठसठशीत लिहिलं : ‘प्रणाली चुकीची अक्षरे उमटवते.’ ह्या एका ओळीवर सगळं गुंडाळलं जाणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

त्या मुलीलाही. ती धावत आली. "बाई, कळफलक मी तुमच्या टाइपरायटरचाच दिलाय. अगदी जसाच्या तसा."

"मग माझी बोटं खोटं बोलतात का गं?"

"तसं नाही म्हणत मी..."

"पहिला कॉम्प्युटर आला तेव्हाही हेच झालं होतं. विचार ह्यांना."

मी मान हलवली. एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिल्याच पत्रात सतरा चुका. बाईंनी कॉम्प्युटर बघणाऱ्या आमच्या माणसाला सगळ्यांदेखत झाडलं. ते कान खाजवत म्हणाले होते, "मशीनमध्येच बिघाड आहे, बाई. उद्यापर्यंत करतो नीट." दुसऱ्या दिवसापासून एक चूक नाही. बाईंनी त्यांचं नाव ‘बिघाडभाऊ’ ठेवलं, ते शेवटपर्यंत चिकटलं. त्यांच्या निवृत्तीच्या भाषणातही बाई म्हणाल्या होत्या, "ह्यांनी मशीनं बिघडवली, म्हणून तर आपल्याला काम होतं." सगळ्यांत मोठ्यांदा तेच हसले होते. गेल्या वर्षी ते वारले.

"काय नीट केलं होतं त्यांनी?" मुलीने विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. बाईंचा जुना कॉम्प्युटर, बिघाडभाऊंनीच निवृत्तीआधी बदलून दिलेला, अजून भांडारात पडून होता. तो आणून मुलीने सुरू केला. पाचेक मिनिटांनी ती म्हणाली, "बाई, ह्यात कंपनीचा कळफलक वापरलेलाच नाही. त्यांनी वेगळा बनवलाय. फाइलचं नाव आहे ‘बाई’."

"म्हणजे?"

"सगळं मूळच्यासारखंच आहे. फक्त दोन अक्षरं उलटी केलीत. श च्या जागी ष, ष च्या जागी श."

बाई उठून उभ्या राहिल्या. चेहरा पार उतरला होता.

"मशीनमध्ये बिघाड नव्हता?"

मुलीने नजर पडद्याकडे वळवली. शहाणी होती.

"टायपिंगच्या क्लासमधलं ते मशीन," बाई हळूच म्हणाल्या, "पडलं होतं एकदा. मिस्त्रीने दोन अक्षरं पुन्हा डकवली, ती उलटी. सर म्हणाले, चालवून घे. मी चालवून घेतलं... आणि विसरले."

पुढे तो क्लास बंद पडला, त्याचं ते मशीन आमच्या ऑफिसने घेतलं आणि त्याच महिन्यात बाई लागल्या. मशीनवर बाई फुकट मिळाली, असा विनोद मी लागलो तेव्हाही चालायचा. त्या मशीनवर नऊ वर्षं, पुढे बिघाडभाऊंच्या कळफलकावर एकवीस. तीस वर्षं बाईंची बोटं चुकत होती आणि कागद बरोबर येत होता.

"मला सांगायचं तरी," बाई म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कुणास ठाऊक.

मग त्या खाली बसल्या, पेन उघडलं आणि तोट्यांच्या रकान्यातली शेवटची ओळ पट्टी लावून खोडली. खाली सही केली. "साहेबांना दे. माझी हरकत नाही."

"कळफलक तुमच्या बोटांसारखा करून देते," मुलगी म्हणाली. "इथे ही साधी फाइल असते, दोन ओळी बदलायच्या. आणि वर बदल करणाऱ्याचं नाव लिहितात. तुमचं घालू?"

"माझं कशाला? सरक."

बाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी बिघाडभाऊंचं खरं नाव टाइप करायला घेतलं. ते नाव ऑफिसात कुणी घेतल्याचं मला आठवत नव्हतं. नावात मधोमध पोटफोड्या ष होता. बदल अजून जतन झाला नव्हता. पडद्यावर श उमटला.

बाईंनी तो पुसला. मग मान खाली घालून त्या कळांकडे बघू लागल्या. चोवीस वर्षांत त्यांना कळांकडे बघताना मी पाहिलं नव्हतं. एकेका कळेवरून त्यांचं बोट सावकाश फिरत होतं, नव्याने अक्षरं शिकणाऱ्यासारखं. ष सापडला. त्यांनी तो एका बोटाने दाबला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.