खाणीच्या फोनवरचा पोपट

खाणीत त्याला सगळे पोपट म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. बावीस वर्षं तो खाणीच्या तोंडाशी असलेल्या केबिनमध्ये फोन सांभाळत होता. खाली तीनशे मीटरवर माणसं कोळसा फोडत, आणि वरच्या जगाशी त्यांचा संबंध म्हणजे पोपटाचा कान. नियम सोपा होता. खालून जे ऐकू येईल ते जसंच्या तसं मोठ्यानं परत बोलायचं. 'तो म्हणतो' वगैरे शेपूट लावायचं नाही. खालचा 'मला वर घ्या' म्हणाला तर पोपटानंही 'मला वर घ्या' असंच ओरडायचं, की इंजिनवाला पिंजरा खेचणार. वरचा निरोप खाली गेला की खालच्यानंही तो परत बोलून दाखवायचा, तेव्हाच पोचला म्हणून समजायचं. एकदा एका शहाण्यानं मधला एक शब्द गाळला आणि एका कामगाराचा हात मनगटापासून गेला. तेव्हापासून तिथं कुणी शहाणपणा करत नव्हतं.

फोनची तार पोपटापेक्षा म्हातारी होती. बाकीच्यांना तिच्यात तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा चरचराट ऐकू येई. पोपटाला मात्र त्या चरचराटातली माणसं आवाजावरून ओळखता येत. खालच्यांनाही त्याचाच आवाज कळे, कारण कुठला शब्द कसा ताणून फेकायचा हे त्याला सवयीनं जमलं होतं.

त्या दिवशी सकाळी जुन्या बंद बोगद्यातलं पाणी भिंत फोडून चालू बोगद्यात घुसलं. पिंजऱ्यातून अकरा जण वर आले, दोघं खाली राहिले. त्यातला एक दहाच्या सुमारास, फोनपर्यंत पोचण्याआधीच, पाण्यात वाहून गेला. दुसरा होता पोपटाचा मेव्हणा, त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो फोनजवळच्या उंच कोनाड्यात चढून बसला होता आणि पाणी त्याच्या मागोमाग चढत होतं. तीन पंप लावले होते, त्यातले दोन बंद पडले. दुपारी दोन वाजता मुख्य इंजिनिअरनं टोपी काढून टेबलावर ठेवली, तेव्हा पोपट काय ते समजला.

बहीण केबिनच्या उघड्या खिडकीखाली बाकावर बसली होती. सकाळी तिनं हट्टानं फोन कानाला लावून पाहिला होता. नवऱ्याचा एक शब्दही तिला कळला नाही. फोन परत देऊन ती जी बाहेर जाऊन बसली, ती जागची हलली नव्हती.

"दादा," खालून आवाज आला, "पाळकसाहेबांना बोलाव."

"दादा, पाळकसाहेबांना बोलाव," पोपट ओरडला.

चर्चचे म्हातारे पाळक बाहेर गर्दीतच होते. ते आत आले तेव्हा पोपटानं मान वळवली. नऊ वर्षं तो चर्चची पायरी चढला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी त्याचा बाप याच खाणीत छत कोसळून मेला आणि प्रेताच्या खिशात दारूची बाटली निघाली. म्हातारा पिऊन कामावर गेला, स्वतःच्या चुकीनं मेला, असं सगळीकडे झालं. पाळकांनी तर शवपेटीशेजारी उभं राहून व्यसनावर अर्धा तास प्रवचन दिलं. शरमेनं पोपटाचं तोंड काळं पडलं. त्यानं ना बापाचं तोंड शेवटचं पाहिलं, ना पेटीला खांदा दिला. खांदा दिला तो मेव्हण्यानं. जावई असून मुलासारखा उभा राहिला, असं लोक अजून म्हणत. पोपटही म्हणे.

पाळकांनी फोन घेऊन "बाळा, बाळा" असं ओरडून पाहिलं. खालून उत्तर आलं, ते त्यांना कळेना. पोपटानं फोन काढून घेतला.

"कोण बोलतंय? काही कळत नाही," पोपट खालचं परत बोलला, आणि मग तारेत म्हणाला, "बोल. मी इथून सांगतो त्यांना."

मेव्हणा बोलू लागला. पोपट नेहमीसारखा एकेक वाक्य उचलून मोठ्यानं टाकत गेला. अर्थाकडे त्याचं लक्ष नव्हतं. या कामात अर्थाकडे लक्ष गेलं की शब्द सुटतात.

"मला एक कबुली द्यायची आहे. छताचे खांब हातोडीनं ठोकून तपासायचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. त्या दिवशी थंडी होती. मला कंटाळा आला. न तपासताच मी वहीत सही केली. सासरे त्या छताखाली मेले. त्यांना बाहेर काढताना मी एकटाच होतो. बाटली माझी होती. मी ती त्यांच्या खिशात ठेवली. ते प्यायले नव्हते. ते कधीच..."

शेवटचं वाक्य पोपटाच्या तोंडातच राहिलं. आपण काय बोलतोय हे त्याच्या कानात तेव्हा कुठे शिरलं. खिडकीबाहेर बाक करकरला.

पाळक भिंतीला टेकले. "माझीही चूक झाली रे," ते पुटपुटले. मग त्यांनी स्वतःला सावरलं आणि पोपटाच्या खांद्यावर हात ठेवला. "त्याला सांग, देवानं तुला क्षमा केली आहे. एवढंच सांग. वेळ नाही."

पोपटानं तोंड उघडलं नाही.

"दादा, ते काय म्हणाले?" खालून आवाज आला.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच पोपट ऐकलेलं परत बोलला नाही. समोरच्या घड्याळात तीन वाजून सहा मिनिटं झाली होती. त्याला आठवत होतं, पेटी बंद करायच्या आधी आई त्याचा हात ओढत होती, 'एकदा बघ रे त्यांना', आणि तो हात सोडवून घेऊन निघून गेला होता. आई त्याच वर्षी गेली. मर तिथंच, असं तो मनात म्हणाला. अगदी स्वच्छ शब्दांत म्हणाला.

"अरे, देवासाठी बोल!" पाळकांनी फोन हिसकायचा प्रयत्न केला. पोपटानं त्यांना एका हातानं दूर लोटलं.

"दादा, काय म्हणाले ते? पाणी छातीला आलंय."

तीन वाजून आठ. इंजिनिअर बाहेर निघून गेला. त्याला हे बघवत नव्हतं.

"दादा?"

मग बराच वेळ नुसता चरचराट. आणि मग मेव्हण्याचा आवाज आला, अगदी शांत, जेवून कुणी ताटावरून उठताना म्हणावं तसा. "बरं. राहू दे, दादा."

"देवानं तुला क्षमा केली आहे!" पोपट किंचाळला. "ऐकतोयस ना? देवानं तुला क्षमा केली आहे! परत बोल! परत बोलून दाखव!" चरचराट. "मीसुद्धा केली! मीसुद्धा!" हे शब्द त्याला कुणी दिले नव्हते, आणि ते खरे होते की खोटे हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. घसा फुटेस्तोवर तो ओरडत राहिला. खालून कुणी काही परत बोललं नाही. त्यानं तोंड उघडलं तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेतीनला तारेतला चरचराटही बंद पडला.

पाणी उपसून प्रेत वर काढायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत बहीण पोपटाशी एक अक्षर बोलली नाही. अकराव्या दिवशी दुपारी ती त्याच्या खोलीवर आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"उद्या दफनाला पाळकसाहेब बोलणार नाहीत म्हणे."

"हो. कालच येऊन गेले. म्हणाले, माझी जीभ तुझ्या बापाच्या वेळी नको तेवढी चालली, आता तुमच्या घरच्या पेटीजवळ मला उभं करू नका."

"मग तू बोल."

"मी?" पोपट ताडकन उठला. "तुला कळतंय का काय बोलतेस? मी त्याला चार मिनिटं तसाच..."

"खिडकीशीच होते मी. घड्याळ मलाही दिसत होतं." ती आत आली आणि खाटेच्या कडेवर टेकली. ज्याच्याशी दहा-अकरा वर्षं संसार केला त्या माणसासाठी रडावं की न रडावं, हे न ठरवता आल्यासारखा तिचा चेहरा सुजला होता. "मी असते ना दादा, तर फोन ठेवून दिला असता. बाहेर बसून मी देवाकडे तेच मागत होते, की तू गप्प राहा. पाणी भरेपर्यंत गप्प राहा. ते वाक्य माझ्या तोंडून आजही निघणार नाही, आणि मेले तरी निघणार नाही. तुझ्या तोंडून निघालं."

"उशिरा निघालं. त्याला पोचलं की नाही, देव जाणे."

"निघालं ना? मग ज्याला जमलं त्यानं नाही बोलायचं तर कुणी बोलायचं?"

"माझा विश्वास तरी आहे का, हेसुद्धा मला ठाऊक नाही गं."

"ते मी विचारलेलंच नाही," ती म्हणाली. "आधी बाबांचं नाव घे. सगळ्यांसमोर घे. मग त्यांचं."

दुसऱ्या दिवशी पोपट पेटीशेजारी उभा राहिला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. त्यानं आधी बापाचं नाव घेतलं, खांबांची गोष्ट सांगितली, बाटलीची सांगितली, आणि मग स्वतःची चार मिनिटं सांगितली, एक मिनिटही न गाळता. शेवटी त्यानं ते एक वाक्य म्हटलं. तो ते म्हणत असताना बहीण उठली आणि बापाच्या थडग्याकडे निघून गेली. लोक पांगल्यावर दुसऱ्या मृत कामगाराची बायको पुढे आली. तिच्या नवऱ्याचं शेवटचं कुणीच काही ऐकलं नव्हतं. "माझ्या माणसासाठीही बोला," ती म्हणाली. तिच्यामागे आणखी दोघं उभी होती.

खाणीची नोकरी त्यानं त्याच महिन्यात सोडली. म्हाताऱ्या पाळकांनी त्याला आधी घरी, मग धर्मशिक्षणाच्या शाळेत पाठवून शिकवलं, आणि सात वर्षांपूर्वी त्याला त्याच चर्चमध्ये पाळक म्हणून उभं केलं. बहीण रविवारी येते. मागच्या बाकावर बसते. त्याच्या हातून प्रभुभोजनाची भाकर घ्यायला मात्र ती आजवर पुढे आलेली नाही, आणि त्यानंही तिला कधी बोलावलेलं नाही.

लोक त्याच्यावर जीव टाकतात, पण त्याच्या एका खोडीची वरपर्यंत तक्रार गेली आहे. कुणी कबुली द्यायला आलं की हा त्याला बोलणं पुरं करू देत नाही. माणूस अजून पहिल्याच वाक्यात अडखळत असतो, आणि हा त्याचे दोन्ही हात घट्ट धरून क्षमा बोलून टाकतो. आधी ऐकून तरी घेत जा, अशी वरिष्ठांनी दोनदा समज दिली. तो मान डोलावतो, हो म्हणतो, आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच करतो.