बारा वाजताची खूण

रईसाने चतुराबाईंना उजव्या कुशीवर वळवलं, एका हाताने त्यांचा खांदा सावरून धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट माकडहाडावरच्या लाल डागावर दाबलं. बोट उचललं. डाग पांढरा पडला नाही. तिने पुन्हा दाबून पाहिलं. सुपारीएवढा तो डाग तसाच लाल राहिला. कातडी अजून फाटली नव्हती; पण आत रक्त नीट पोचत नव्हतं आणि फाटायला आता फार वेळ लागणार नव्हता.

दुपारचे दोन वाजले होते. खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्यावर दर दोन तासांनी कूस बदलल्याची खूण करायची असे. दहा वाजता खूण होती. बारा वाजताही होती, आणि ती रईसाचीच होती. बाराला शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं हृदय बंद पडलं होतं. ती आणि दुसरी सिस्टर पाऊण तास आळीपाळीने त्याची छाती दाबत होत्या. तो वाचला नाही. त्यानंतर रईसाने हात धुतले आणि उरलेले तक्ते उभ्या उभ्याच भरून टाकले. चतुराबाई दहापासून दोनपर्यंत पाठीवरच पडून होत्या.

चतुराबाई देवगाव रंगारीच्या. तीन वर्षांपूर्वी लकवा मारला तेव्हापासून अंथरुणाला खिळलेल्या. पाच दिवसांपूर्वी छातीत कफ दाटला म्हणून मुलाने, रामकिसनने, त्यांना उस्मानपुऱ्यातल्या या दवाखान्यात आणलं आणि त्याच संध्याकाळी त्यांना श्वासाचं यंत्र लावावं लागलं. दाखल करताना रईसाने त्यांची पाठ तपासली होती आणि मुद्दाम इनचार्ज सिस्टरला बोलावून दाखवली होती. तीन वर्षं पडून असलेल्या बाईच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता.

"यांचं घरी कोण करतं?" इनचार्जने विचारलं होतं.

दाराशी पिशवी धरून उभी असलेली सून म्हणाली होती, "मीच की."

चार वाजता भेटीची वेळ झाली. सून, सारजाबाई, आत आली. कुणी न सांगता तिने चपला बाहेर काढल्या, कोपरापर्यंत हात धुतले. सासूच्या कपाळावर हात ठेवला. मग रोजच्यासारखी म्हणाली,

"पाठ बघू द्या, सिस्टर."

रईसाकडे उत्तर होतं. रक्तदाब टिकवायला दिलेल्या औषधांनी कातडीचं रक्त कमी होतं, अशा पेशंटला असे डाग पडतात. यातलं काही खोटंही नव्हतं. डॉक्टरांनी मान डोलावली असती.

तिने गाऊनची नाडी सोडली.

सारजाबाई वाकली.

"काल नव्हतं हे."

"नव्हतं."

"मंग?"

रईसाने तक्ता काढून तिच्या हातात दिला. "इथं बाराला फिरवलं म्हणून खूण आहे. मी फिरवलं नाही, ताई. दुसऱ्या पेशंटकडे अडकले होते. नंतर न फिरवताच खूण केली."

सारजाबाईने ती खूण शोधून काढली आणि तिच्यावर अंगठा ठेवला.

"कामात होत्या, ते समजलं मला. बाहीर त्या माणसाची बायको रडत होती." तिने मान वर केली. "पण खूण कशापायी केली? कोरी ठिवली असती तर दोनच्या आधी कुणी तरी इचारलं असतं."

रईसाने गाऊनची नाडी पुन्हा बांधली.

"आमच्या मालकाला कळलं तर लई दंगा व्हईल हितं."

"सांगा त्यांना. मी पण आत्ता इनचार्जला सांगायला चाललेय."

सारजाबाईने तक्ता जागेवर अडकवला. "पुढची पाळी कवा हाय?"

"आत्ताच. डावीवर घ्यायचंय. आता पाठीवर टेकवायचं नाही."

"मंग धरा तिकडून."

दोघींनी चादर दोन बाजूंनी धरली आणि चतुराबाईंना डाव्या कुशीवर घेतलं. सारजाबाईने गुडघ्यांमध्ये उशी सारली आणि टाचा अधांतरी ठेवल्या.

संध्याकाळी रईसाने बाराच्या खुणेवर आडवी रेघ मारली, शेजारी 'कूस बदलली नाही' असं लिहून सही केली. तिला मेमो मिळाला. इनचार्जने दुसऱ्या दिवसापासून सारजाबाईला सकाळ-संध्याकाळ आत यायची परवानगी दिली. रामकिसन मात्र काही बोलला नाही. त्याला सांगितलं होतं की नव्हतं, हे रईसाने कधी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी डाग फिकट झाला. पाचव्या दिवशी सारजाबाईने स्वतः बोट दाबून उचललं. खाली पांढरा ठसा उमटला आणि हळूहळू गुलाबी झाला.

"गेला," ती म्हणाली.

पण तोवर चतुराबाईंची लघवी बंद झाली होती. दोन दिवसांनी सकाळी साडेनऊला त्या गेल्या.

रईसाने नळ्या काढल्या, तोंड पुसलं. सारजाबाई रडली नव्हती. तिने पदर खोचला आणि ओल्या कपड्याने सासूची पाठ पुसली, मानेपासून खालपर्यंत, आणि माकडहाडापाशी थांबून नीट पाहिलं.

"घरी नणंदा आंघोळ घालतील," ती म्हणाली. "तीन वर्सं मी त्यांच्या आईला कशी ठिवली ते बघतील."

रामकिसन गाडी घेऊन आला. रईसा खालपर्यंत गेली. स्ट्रेचर आत सरकवलं, रामकिसन पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. सारजाबाई मागच्या दारापाशी रेंगाळली. मग रईसाजवळ येऊन तिने खालच्या आवाजात विचारलं,

"गावाला जायला दीड-दोन तास लागतील, सिस्टर. मधी एकदा कूस बदलावी लागंल का?"

रामकिसनने मागे वळून बायकोकडे पाहिलं.

"हो," रईसा म्हणाली. "तासाभराने डावीवर घ्या."

सारजाबाईने मान हलवली. गाडीत चढली आणि सासूच्या पाठीला आधार देऊन बसली.